टोरांटोच्या पेपरात पत्र छापून येईपर्यंत

इथल्या पेपरला वाचकाचं पत्र पाठवायचं म्हटलं की आधी स्वतःचं पूर्ण नाव द्यावं लागतं, मग घरचा पत्ता, मग दिवसा उचलाल असा फोन नंबर, आणि हे सगळं दिल्यावर बोलायला मिळतात साधारण १५० शब्द. छापताना नाव आणि शहर एवढंच छापतात, पत्ता नि नंबर त्यांच्यापाशीच राहतो, पण तो दिल्याशिवाय पत्र पुढे सरकत नाही. टोपणनाव चालत नाही, "एक त्रस्त नागरिक" चालत नाही. मला ही पद्धत मनापासून आवडली आणि का आवडली तेच सांगायला बसलेय, कारण टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन मिळून इथे एवढी मराठी माणसं आहेत, सगळ्यांना शहराबद्दल मतं आहेत, चहा पिताना ती तावातावाने मांडलीही जातात, पण पेपरला लिहिणारं माझ्या ओळखीत तरी कुणी नव्हतं.

विषय होता स्पीड कॅमेऱ्यांचा. तिकडच्या, म्हणजे भारतातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. ओंटारियो या आमच्या प्रांताने २०१७ मधे कायदा करून शाळांच्या आसपास असे कॅमेरे लावायची वाट मोकळी केली आणि टोरांटोत जुलै २०२० पासून त्यांची तिकिटं, म्हणजे दंडाच्या पावत्या, यायला लागली. कॅमेरा गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढायचा, तिकीट पोस्टाने गाडीच्या मालकाच्या घरी यायचं, मग गाडी तो स्वतः चालवत असो नाहीतर त्याचा मुलगा. लायसन्सवर दोषाचे पॉइंट लागत नसत, फक्त पैसे भरायचे. आता पोलीस कुठे लपून बसलाय हे बघत चालवायची सवय असलेल्या माणसाला असं मुकाट फोटो काढणारं यंत्र किती डोक्यात जात असेल बघा.

सगळ्यात गाजला तो हाय पार्कच्या कडेने जाणाऱ्या पार्कसाइड ड्राइव्हवरचा. त्या रस्त्यावर ऑक्टोबर २०२१ मधे भरधाव गाडीने मागून दिलेल्या धडकेत एक वयस्कर जोडपं दगावलं, त्यानंतर २०२२ मधे तिथे कॅमेरा आला, आणि त्या एका कॅमेऱ्याने ६५ हजारांच्या वर तिकिटं दिली. मग नोव्हेंबर २०२४ पासून कुणीतरी तो कापून पाडायला लागलं. परत लावला की परत कापायचा. डिसेंबरात तर कापून, ओढत नेऊन हाय पार्कमधल्या बदकांच्या तळ्यात टाकला, आणि त्याचा तळ्यातला फोटो शहरभर फिरला. त्यावर जे मीम आले ते खरंच हसवणारे होते, मीही हसले, कॅमेऱ्याला पोहायला शिकवा, बदकांची स्पीड लिमिट किती, असले. पण पुढे सप्टेंबर २०२५ मधे एका रात्रीत शहरातले १६ कॅमेरे पाडले गेले तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. माझी मुलगी चालत शाळेत जाते आणि तिच्या शाळेसमोरून गाड्या कशा जातात ते मी रोज सकाळी बघते.

त्याच महिन्यात प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, डग फोर्ड यांनी जाहीर केलं की सगळ्या प्रांतातले स्पीड कॅमेरे बंद करणार, हे म्हणजे नगरपालिकांचं पैसे उकळायचं साधन झालंय.

आमच्या भागाचा फेसबुकवर एक ग्रुप आहे. एरवी तिथे हरवलेली मांजर, फुकट द्यायचा सोफा, चांगला प्लंबर कोण, असं चालतं, आणि खरं सांगायचं तर मला नवीन असताना त्याचा फार आधार होता. कॅमेऱ्यांची बातमी आली आणि ग्रुपचा नूरच पालटला. यात एक तांत्रिक अडचणही आहे, ती भारतात बसून लक्षात येत नाही. कॅनडाने जून २०२३ मधे ऑनलाइन न्यूज अ‍ॅक्ट केला, की मोठ्या इंटरनेट कंपन्यांनी बातम्यांसाठी वृत्तसंस्थांना पैसे द्यावेत. गूगलने पुढे वर्षाला १०० मिलियन डॉलर द्यायचं कबूल केलं, पण मेटाने १ ऑगस्ट २०२३ पासून कॅनडात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बातम्या दाखवणंच बंद करायला घेतलं. म्हणजे आजही इथे कुठल्याही पेपरची लिंक टाकता येत नाही. त्याच ऑगस्टमधे उत्तरेला यलोनाइफजवळ वणवा पेटला, २० हजारांच्या आसपास माणसांना शहर रिकामं करायला सांगितलं, आणि लोक बातम्यांचे स्क्रीनशॉट काढून एकमेकांना पाठवत होते कारण लिंक जातच नव्हती. तेव्हा त्या स्क्रीनशॉटनी लोकांचं कामही झालं असेल, पण रोजच्या वादात त्यांनी काय होतं ते आमच्या ग्रुपवर बघावं.

लिंक नाही म्हटल्यावर जो तो कापलेला स्क्रीनशॉट टाकतो, त्यात पेपरचं नाव नाही, तारीख नाही, गाव नाही. एकाने टाकला की सरकारनेच मान्य केलं हे कॅमेरे दूध देणारी गाय आहेत म्हणून. तो निघाला अल्बर्टाचा. अल्बर्टाने एप्रिल २०२५ पासून फोटो रडारवर, म्हणजे अशाच कॅमेऱ्यांवर, बंधनं घातली हे खरं आहे, पण तिथेही शाळा, खेळायची मैदानं आणि रस्त्याची कामं चालू असतील ती ठिकाणं यातून वगळलेली आहेत, आणि कापलेल्या भागात नेमकं तेवढंच होतं. आमचे, म्हणजे कॅमेऱ्यांच्या बाजूचे लोकही काही कमी नव्हते. सिककिड्स हे मुलांचं हॉस्पिटल आणि टोरांटो मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटीचा अभ्यास जुलै २०२५ मधे आला होता, टोरांटोतल्या शाळांजवळ कॅमेरा असताना वेगमर्यादा ओलांडणाऱ्या गाड्यांचं प्रमाण ४५ टक्क्यांनी कमी झालं असा. ग्रुपवर दोन दिवसांत त्याचं झालं "अपघात ४५ टक्के कमी", आणि मग "मुलांचे मृत्यू ४५ टक्के कमी". मी खाली लिहिलं की बाबांनो अभ्यासात असं नाहीये, वेगाचं आहे, तर दोन्हीकडचे माझ्यावर तुटून पडले. एकाने, ज्याच्या प्रोफाइलवर कुत्र्याचा फोटो आणि नावाच्या जागी पिकअप ट्रकचं मॉडेल होतं, मला आलीस तिथे परत जा असं लिहिलं. आम्ही इथे राहतो, टॅक्स भरतो, बर्फ पडला की फुटपाथ साफ करतो, तरी ते वाचून छातीत धस्स झालं हे सांगायला मला लाज वाटत नाही. अ‍ॅडमिनने तासाभरात ती कमेंट काढली, पण सबंध चर्चाही बंद केली, आणि त्यामुळे ज्यांना खरंच काही बोलायचं होतं त्यांचंही राहून गेलं.

त्या रात्री मी पत्र लिहायला घेतलं. लोकसत्तातलं "लोकमानस" वाचत मोठी झालेली मी, पत्र कसं असतं हे माहीत होतं, पण १५० शब्द म्हणजे किती थोडे हे लिहायला बसल्यावर कळतं. पेपरांचे संकेत साधारण सारखेच असतात, पत्र त्याच पेपरात आलेल्या बातमीला किंवा लेखाला धरून असावं, लवकर यावं, दुसरीकडे पाठवलेलं नसावं, अटॅचमेंट न जोडता मजकूर मेलमधेच टाकावा. मी कोणत्या बातमीवर लिहितेय तिचा मथळा आणि तारीख पहिल्याच ओळीत घातली. मुद्दा एकच धरला: माझ्या मुलीच्या शाळेसमोर कॅमेरा लागायच्या आधी काय दिसायचं आणि नंतर काय दिसतं. आकडाही एकच, तो ४५ टक्क्यांचा, अभ्यासाच्या नावासकट. आणि शेवटचं वाक्य मी मुद्दाम कडक ठेवलं होतं, की ज्यांना हे कॅमेरे नकोत त्यांना मुलांच्या जिवापेक्षा स्वतःची पाच मिनिटं महाग वाटतात. नाव, पत्ता, नंबर टाकला आणि पाठवलं.

इथे अनोळखी नंबरचा फोन कुणी उचलत नाही. एअर डक्ट साफ करून देतो म्हणणारे, तुमचं पार्सल कस्टममधे अडकलंय म्हणणारे, टॅक्स ऑफिसातून बोलतोय तुम्हाला अटक होणार म्हणणारे, यांनी कॅनडातल्या माणसाचा फोनवरचा विश्वास पार घालवलाय, आणि पेपरवाल्यांना हे माहीत असतं म्हणून त्यांनी आधी छोटासा मेल केला की अमुक नंबरवरून फोन येईल. मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या जिन्यात उभी राहून बोलले.

पलीकडे एक बाई होत्या, आवाज शांत, घाई नाही. त्यांनी आधी माझं नाव कसं म्हणायचं ते विचारलं, आडनावासकट म्हणून बघितलं, मग स्पेलिंग. मग हे पत्र तुम्हीच लिहिलंय का, दुसरीकडे कुठे दिलंय का, तुम्ही शहराच्या किंवा कॅमेरा कंपनीच्या नोकरीत आहात का, कुठल्या संघटनेतर्फे लिहिताय का. पहिल्याला हो, बाकी सगळ्याला नाही म्हटलं. मग त्या मजकुरावर आल्या. ४५ टक्के कुठून घेतलं, तर मी अभ्यासाचं नाव सांगितलं, त्यांनी तो उघडून ठेवलेलाच होता, म्हणाल्या प्रमाण हा शब्द ठेवू या, नाहीतर वाचणारा पटकन वेगच तेवढा कमी झाला असं समजतो. आणि मग शेवटचं वाक्य.

त्या म्हणाल्या, कॅमेऱ्यांच्या विरोधातली बरीच पत्रं माझ्याकडे आलीयत, त्यातल्या कित्येकांना लहान मुलं आहेत, तसं त्यांनी लिहिलंय. तुमचं वाक्य त्यांना लागू होतं का?

मी जरा वाद घातला. म्हटलं, राग हा पण माझ्या पत्राचा भाग आहे, तो काढला तर पत्राचं सरकारी निवेदन होईल. त्या म्हणाल्या राग राहू दे, त्यांच्या मनात काय आहे हे तुम्ही सांगू नका, त्यांनी काय करायला हवं ते सांगा. पाच-सात मिनिटं आम्ही त्या एका वाक्यावर बोललो, खरंच बोललो, त्यांनी एकदाही धोरणाप्रमाणे चालत नाही असं म्हणून विषय तोडला नाही. शेवटी मी तिथेच जिन्यात नवीन वाक्य सांगितलं: जे कॅमेरे काढायला निघालेत त्यांनी शाळेसमोरून जाणारी गाडी हळू कशी होणार हे कॅमेरे काढायच्या आधी सांगावं. त्यांनी ते वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, हे पहिल्यापेक्षा जास्त टोचतं. मलाही तसंच वाटलं. आधीच्या वाक्याला समोरचा "मी काही असा नाही" म्हणून मोकळा झाला असता, या वाक्याला उत्तर द्यावं लागतं.

पेपर एवढी चौकशी का करतो याची मला उत्सुकता लागली म्हणून मी नंतर वाचलं, तर त्यामागे एक सबंध खटला निघाला. १९७३ मधे सॅस्काटूनच्या स्टार-फीनिक्स पेपरने दोन कायद्याच्या विद्यार्थ्यांचं पत्र छापलं, त्यात एका नगरसेवकाची वृत्ती वंशवादी आहे असं म्हटलं होतं. त्याने पेपरवर खटला भरला. पत्र लिहिणारे दोघं तोवर प्रांत सोडून गेले होते, साक्षीला आलेच नाहीत, आणि पेपरच्या लोकांनी सांगितलं की हे मत आमचं नाही. १९७८ मधे सुप्रीम कोर्टाने म्हटलं की मग ते मत प्रामाणिकपणे कुणाचं आहे हे सिद्धच होत नाही, त्यामुळे रास्त टीका हा बचाव पेपरला मिळणार नाही. म्हणजे दुसऱ्याचं मत छापायचं आणि ते मत आपलंही नाही, तर पेपरने करायचं काय? या निकालाने संपादक धास्तावले, आणि पुढे ओंटारियोने कायदा बदलून वाचकांची पत्रं छापणाऱ्यांना संरक्षण दिलं. तरी वाचकाच्या पत्राची जबाबदारी छापणाऱ्यावर असते ही गोष्ट राहिलीच. म्हणून नाव, म्हणून पत्ता, म्हणून फोन. पत्रामागे खरा माणूस आहे आणि तो आपल्या शब्दांमागे उभा राहील एवढी खात्री त्यांना करून घ्यायची असते. ग्रुपवर मला परत जा म्हणणाऱ्याला असा फोन आला असता, तुमचं पूर्ण नाव काय, हे तुम्हीच लिहिलंय ना, हे नावासकट छापू ना, तर त्याने काय उत्तर दिलं असतं हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

पत्र छापून यायला वेळ लागला, त्या दिवसांत इथला बेसबॉल संघ ब्लू जेज वर्ल्ड सिरीजच्या दिशेने निघाला होता आणि टोरांटोला दुसरं काही सुचत नव्हतं. आलं तेव्हा सकाळी सबवेत कुणीतरी मेसेज केला. खाली माझं नाव, स्वल्पविराम, टोरांटो. इथे आल्यापासून हायड्रोच्या, म्हणजे विजेच्या बिलावर आणि हेल्थ कार्डवर नाव बघितलंय, पण शहरातल्या एका वादात, आपलं म्हणणं मांडणाऱ्यांच्या रांगेत ते असं उभं बघून मला फार बरं वाटलं.

दोन-तीन दिवसांनी त्याच पानावर स्कारबरोच्या एका गृहस्थांचं उत्तर आलं. त्यांचं म्हणणं, कॅमेरा रात्री दोनलाही तिकीट देतो तेव्हा कुठली शाळा भरलेली असते, आणि तिकीट कित्येक दिवसांनी पोस्टाने येतं तोवर माणूस विसरलेला असतो, त्यापेक्षा रस्त्यावर स्पीड हंप घाला, गाडी त्याच क्षणी हळू होते. माझं पत्र त्यांनी नाव घेऊन, आदराने खोडून काढलं होतं. मला सगळं पटलं नाही, रात्री दोनला शाळा नसली तरी रस्ता ओलांडणारी माणसं असतातच, पण हंपचं पटलं. महिनाभर ग्रुपवर वाचूनही मला हा मुद्दा इतका नीट कळला नव्हता, कारण तिथे तो कुणाच्या तरी शिवीच्या शेपटाला बांधून यायचा.

आणि मग आमचे शेजारचे आजोबा. पोर्तुगालहून तरुणपणी आलेले, आयुष्यभर बांधकामावर काम केलेलं, आमच्या रस्त्यावरच्या निम्म्या घरांची काँक्रीटची पायरी त्यांच्या हातची. कागदाचा पेपर विकत घेऊन वाचणारं आमच्या रस्त्यावर तेच एक घर उरलंय. ड्राइव्हवेत मी गाडीतून सामान काढत होते तर पेपर घेऊनच आले, माझं पत्र बाहेर राहील असा घडी घालून. म्हणाले, "चांगलं लिहिलंयस. पण तुझं चुकतंय."

त्यांना पार्कसाइडच्याच कॅमेऱ्याची तिकिटं आली होती, नातवाने गाडी नेलेली, पैसे पेन्शनमधून यांनी भरले. पोलिसाने थांबवलं असतं तर नातवाला लागलं असतं, म्हणाले, यंत्राने मला लावलं, त्या पोराला काय कळलं यातून? मी म्हटलं हे तुम्ही लिहा. ते म्हणाले माझं इंग्रजी बोलण्यापुरतं, मेल तर मुलगी बघते. मग मीच म्हटलं, तुम्ही सांगा, मी टाइप करते, एक शब्दही माझा घालणार नाही.

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आम्ही ते पत्र केलं, कॅमेऱ्यांच्या विरोधातलं, आणि माझा त्यातल्या मुख्य मुद्द्याला आजही विरोध आहे. ते वाक्य सांगायचे, मी वाचून दाखवायचे, ते मान हलवून "नाही, असं नाही" म्हणायचे आणि परत सांगायचे. १५० शब्दांचं कळल्यावर नाराज झाले. मग एकेक शब्द मोजून काढायला लागले, आणि नातवाचं नाव आधी आपणहून काढलं, त्याला कशाला पेपरात, म्हणाले. फोर्ड साहेबांचं कौतुक करणारं एक वाक्य होतं ते मात्र त्यांनी काही केल्या सोडलं नाही. आकाशवाणीवर बोलायचं असल्यासारखं त्यांनी सगळं पत्र शेवटी उभं राहून मोठ्याने वाचलं. मुलीच्या मेलवरून, खाली त्यांचं नाव, पत्ता, आणि घरच्या लँडलाइनचा नंबर घालून पाठवलं.

फोन त्यांच्याकडेही आला. आजींनी मला नंतर सांगितलं की पाव तास बोलत होते आणि त्यातला निम्मा वेळ आपण घातलेल्या पायऱ्यांबद्दल. पत्र छापलं, कौतुकाचं वाक्य जागेअभावी गेलं, ते अजून त्याबद्दल धुमसतायत.

१४ नोव्हेंबर २०२५ ला ओंटारियोतले कॅमेरे कायद्याने बंद झाले. म्हणजे मी हरले आणि आजोबा जिंकले म्हणायचं. त्याऐवजी प्रांताने नगरपालिकांना स्पीड हंप, उंच केलेले क्रॉसिंग, मोठ्या पाट्या यासाठी निधी देतो म्हणून सांगितलंय, २१० मिलियन डॉलरचा. मुलीच्या शाळेसमोर सध्या तरी फक्त पाटी आलीय. त्यामुळे मी दुसरं पत्र लिहायला घेतलंय, एकाच माणसाची पत्रं लागोपाठ छापत नाहीत म्हणून थोडं थांबावं लागेल, तोवर कोणत्या शाळेसमोर काय बसवलं याची मी आणि आणखी दोन आया मिळून यादी करतोय, स्कारबरोच्या गृहस्थांचा हंपचा मुद्दा त्यांचं नाव घेऊनच घालणार आहे. आजोबांना विचारलं तर म्हणाले, हंपच्या बाजूने असेल तर खाली माझीही सही टाक, फक्त काँक्रीटचा करा म्हणावं, डांबराचा दोन हिवाळ्यांत उखडतो.